परीक्षितच्या नावाचा नमुना

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५, सकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटं. नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलमध्ये, एका टाउनहाउसच्या स्वयंपाकघरात, परीक्षित गजभियेच्या उजव्या हातातून चहाची गाळणी खाली पडली. ती उचलायला तो वाकला, पण हात गाळणीच्या वीतभर अलीकडेच थांबला. तो सरळ उभा राहिला, वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, खिडकी... खिडकी घ्या ना."

त्याचे वडील ज्ञानदेव टेबलाशी बसले होते. वय शहात्तर. नागपूरला वीज मंडळात लाइनमन म्हणून लागले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते, त्यातला पाचवा आठवडा चालू होता. त्यांच्यासमोर परीक्षितची तेरा वर्षांची मुलगी इशिता सीरियल खात होती. तिला वाटलं, वडील नक्कल करताहेत.

"डॅड, स्टॉप. दॅट्स नॉट फनी."

ज्ञानदेवांनी हे आयुष्यात एकदा पाहिलं होतं. ते जिन्याकडे तोंड करून ओरडले, "हर्षिता! लवकर ये! लकवा!"

परीक्षितची बायको हर्षिता ओल्या केसांनी खाली आली. तिने नवऱ्याला हसायला सांगितलं. त्याच्या ओठांची उजवी बाजू हलली नाही. सहा चव्वेचाळीसला तिने ९११ला फोन लावला. ॲम्ब्युलन्स सहा त्रेपन्नला दारात होती. सात एकतीसला परीक्षित स्कॅनच्या मशीनमध्ये होता.

त्याचं वय सेहेचाळीस. एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायचा. सिगारेट नाही. रक्तदाबाची एक गोळी होती, ती आठवड्यातून एखाद वेळी विसरायची.

स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. म्हणजे डोक्यात गुठळी अडकून आलेला स्ट्रोक. आठ वाजेपर्यंत हातात बरीच ताकद परत आली. चेहरा सरळ झाला. बोलणं मात्र अडकत होतं. समोरच्याचं सगळं समजत होतं, उत्तराचा शब्द येत नव्हता किंवा भलताच येत होता. स्ट्रोक लहान आहे आणि सुधारतोय, असं म्हणून न्यूरॉलॉजिस्ट डॉ. हॉवेल यांनी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं नाही.

"लहान स्ट्रोकची भीती त्या स्ट्रोकची नसते," त्यांनी हर्षिताला सांगितलं. "त्याच्या पाठोपाठ मोठा येऊ शकतो. पुढचे तीन आठवडे जपायचे. त्यातही पहिले दोन-तीन दिवस."

त्यासाठी दोन गोळ्या होत्या. एक ॲस्पिरिन. दुसरी क्लोपिडोग्रेल, रक्तातल्या गुठळ्या होऊ न देणारी, जगभर रोज लाखो लोक घेतात ती. नऊ वाजून पन्नास मिनिटांनी परीक्षितने दोन्ही गोळ्यांचा पहिला, मोठा डोस पाण्याबरोबर घेतला. घशाखाली नीट उतरतंय ना, ते नर्सने आधी तपासलं होतं.

दुपारी दोनच्या सुमारास फार्मासिस्ट आली. ग्रेस नाव. चाकांच्या स्टँडवरचा कॉम्प्युटर ढकलत आणला आणि त्याचा पडदा पलंगाकडे वळवला.

"चांगली बातमी आहे," ती म्हणाली. "ही दुसरी गोळी काही लोकांच्या शरीरात नीट काम करत नाही. तुमच्याकडच्या बऱ्याच लोकांमध्ये ही अडचण असते. पण मिस्टर गजभियेंची जनुकीय चाचणी आधीच झालेली आहे. मागच्या वर्षी, एका स्टडीत. रिपोर्ट इथे रेकॉर्डमध्येच आहे. नॉर्मल. आम्हाला वेगळी टेस्ट करायची गरज नाही."

हर्षिताला तो रिपोर्ट आठवत होता. "हो, माझ्या सासऱ्यांचाही नॉर्मलच आला होता," ती म्हणाली.

परीक्षितने डावा हात उचलला, बोट पडद्यावर टेकवलं आणि म्हणाला, "बाबा."

"बाबा घरी आहेत. इशिताजवळ."

"बाबा. बाबा... बाबा."

"उद्या आणते त्यांना. त्र्यंबककाका सोडतील. तू आता झोप बरं."

त्याने बोट काढलं नाही. ग्रेसने हलकेच पडदा आपल्याकडे वळवून घेतला. तिने नोंद केली: रुग्ण वडिलांची आठवण काढतो आहे.

तो रिपोर्ट ज्या स्टडीतून आला होता तिचं ऑफिस घरापासून गाडीने बारा मिनिटांवर आहे. हजारो लोकांची जनुकीय माहिती, त्यांना चालू असलेली रोजची औषधं, आणि त्यांच्यापैकी कोणाला स्ट्रोक आला, या तीन गोष्टी तिथे एकमेकींशी ताडून पाहतात. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा ती निष्क्रिय असते. यकृतातलं एक एन्झाइम तिला कामाला लावतं. ते एन्झाइम कसं बनायचं हे सांगणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकाकडे असतात, एक आईची, एक वडिलांची. त्यातली एक जरी बिघडलेली असली तरी गोळीचा जोर कमी पडतो. भारतीय उपखंडातल्या निम्म्याच्या आसपास लोकांमध्ये अशी एखादी बिघडलेली प्रत सापडते. पण स्टडीतल्या प्रत्येक शंभर माणसांत तिकडचा एकही धड भरत नव्हता.

म्हणून २० एप्रिल २०२४ला, एका शाळेच्या कॅफेटेरियात इथल्या मराठी लोकांच्या मंडळाचा आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम होता तेव्हा, रक्तदाब तपासायच्या टेबलाशेजारी स्टडीचं टेबल लागलं. टेबलावर सुवर्णा रामटेके होती. चौतीस वर्षांची, मूळची चंद्रपूरची, स्टडीची समन्वयक. तिने स्टेजवरून सहा मिनिटांचं भाषण केलं. गोळी सगळ्यांना सारखीच देतात, ती सगळ्यांना सारखीच लागू पडते असं नाही, आणि आपण मोजले गेलो नाही तर आपलं कोणाला कळणारही नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. टाळ्या पडल्या. जेवणाआधी रांग लागली. अट होती ती अशी: अमेरिकेत राहणारे आणि इथल्या डॉक्टरकडे नोंद असलेलेच भाग घेऊ शकतील. पाहुणे म्हणून आलेले आईवडील चालणार नाहीत.

त्या दिवशी टेबलावरून लाळेच्या चौसष्ट नळ्या गेल्या. त्यातली एक परीक्षितच्या नावाची होती.

बुधवारी सकाळी अकरा वीसला मंडळातल्या त्र्यंबककाकांनी ज्ञानदेवांना हॉस्पिटलच्या दारात सोडलं. ज्ञानदेवांच्या हातात घरून आणलेला वरणभाताचा डबा होता. परीक्षित टेकून बसला होता. त्याने "या" हा शब्द नीट उच्चारला. ज्ञानदेवांनी डबा खिडकीत ठेवला, खुर्ची ओढली आणि मुलाचा उजवा हात दोन्ही हातांत धरून बघितला, जोर किती आहे ते.

"धरतोय की चांगला," ते म्हणाले. "गोळी कोणती देतात?"

"तुमचीच बाबा. तुम्ही घेता ती." हर्षिता फोन चार्जिंगला लावत होती. "दोघांचे रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, म्हणून लगेच सुरू केली त्यांनी."

"कोणाचे दोघांचे?"

"तुमचा आणि परीक्षितचा. ते जयंतीच्या वेळचं नाही का, सुवर्णाच्या स्टडीचं."

"परीक्षितचा कुठला रिपोर्ट?"

"अहो बाबा, थुंकीचा."

"त्याने कुठे दिली थुंकी?" ज्ञानदेव म्हणाले. "डबी एकच होती बेटा. नाव त्याचं होतं. थुंकी माझी होती."

हर्षिताच्या हातातली वायर तशीच राहिली. पलंगावर परीक्षितने डाव्या मुठीने गादीवर एकदा मारलं आणि मान हलवली. हो. हो. हो.

मग ज्ञानदेवांनी सांगितलं. सलग नाही, हर्षिता मध्ये मध्ये विचारत होती तसं. २०२१मध्ये नागपूरला त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला तेव्हापासून ते ही गोळी घेतात. इकडे येताना सहा महिन्यांच्या गोळ्या बॅगेत भरून आणतात. मागच्या वर्षीही ते असेच इथे आले होते. सुवर्णाचं भाषण झालं आणि त्यांनी परीक्षितला बाजूला घेतलं. मला चालते का रे ही गोळी, ते बघता येईल का? परीक्षितने नियम वाचला. मग म्हणाला, माझ्या नावाने टाकू, काय फरक पडतो, त्यांना सॅम्पलशी मतलब. आपल्याकडे सगळेच करतात. त्याने फॉर्म भरला, नळी घेतली आणि दोघं पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले.

"तो म्हणे, या रेघेपर्यंत यायला पाहिजे. मी म्हटलं, अमेरिकेत थुंकायला पण रेघ आहे का बाप्पा? लई हसला. वीस मिनिटं लागली. घसा कोरडा होता."

"मला का नाही सांगितलं?"

"तू कॅफेटेरियात वाढत होतीस. मग राहूनच गेलं. ऑगस्टमध्ये तो तुझ्यासमोरच म्हणाला, बाबा, तुमचा रिपोर्ट नॉर्मल आला. विषय संपला."

"पण बाबा, तुम्हाला एवढी काळजी का होती? डॉक्टरनेच दिलेली गोळी ना?"

ज्ञानदेवांनी मुलाकडे पाहिलं. परीक्षितने डोळे मिटले.

"गिरजाला हीच होती," ते म्हणाले.

गिरजाबाई त्यांची बायको. २०१६च्या फेब्रुवारीत त्यांना लकव्याचा झटका आला, लहान. पाच दिवसांनी घरी सोडलं. गोळी रोज सकाळी ज्ञानदेव स्वतः हातावर ठेवायचे. एकोणिसाव्या दिवशी दुसरा झटका आला. त्यात त्या गेल्या. पुढे स्टेंटनंतर डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली तेव्हा ज्ञानदेवांनी नाव ओळखलं. ते म्हणाले, साहेब, ही माझ्या मिसेसला होती. डॉक्टर म्हणाले, काका, ही सगळ्यांनाच देतात.

अकरा एकेचाळीसला हर्षिताने नर्सला बोलावण्याचं बटण दाबलं. नर्स येईपर्यंत ती कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी होती.

डॉ. हॉवेल बारा दहाला आल्या. त्यांनी दोनदा विचारलं, खात्री आहे? मग रेकॉर्ड उघडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"चौदा महिने हा रिपोर्ट या माणसाच्या नावावर आहे," त्या म्हणाल्या. "आणि तो या माणसाचा नाही."

नंतर त्यांनी हिशेब मांडला. वडिलांच्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत. म्हणजे त्यांच्याकडून परीक्षितला जी आली ती चांगलीच आहे. दुसरी आईची. तिच्याबद्दल कोणालाच काही माहीत नाही.

"ती ह्याच गोळीवर गेली," ज्ञानदेव मराठीत म्हणाले. हर्षिताने इंग्रजीत सांगितलं.

"मला वाईट वाटतं. पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. ही गोळी लागू पडूनही दुसरा स्ट्रोक येतो."

"मग त्याला चालते का, नाही चालत?"

"आज मी सांगू शकत नाही. उद्याही नाही." त्यांनी गोळी बदलायचं ठरवलं. जी गोळी या जनुकावर अवलंबून नाही, ती. रक्तस्रावाचा धोका तिच्यात थोडा जास्त. हर्षिताने संमती दिली. परीक्षितच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतला. या वेळी नर्सने त्याच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन केला, नाव विचारलं, आणि तो पहिल्या अक्षरावर अडकला तेव्हा थांबून राहिली. चौथ्या प्रयत्नाला नाव आलं. नवी गोळी एक वाजून पाच मिनिटांनी दिली.

तोपर्यंत हर्षिताने सुवर्णाला फोन केला होता.

"जय भीम, हर्षिताताई! किती दिवसांनी..."

हर्षिताने तिला बोलू दिलं नाही. सगळं एका दमात सांगितलं.

"सुवर्णा? आहेस का?"

"हॉस्पिटलला सांगा. आधी फोन ठेवा आणि त्यांना सांगा."

"सांगितलंय. गोळी बदलताहेत."

"मी विचारलं होतं हो ताई. प्रत्येकाला विचारलं होतं, लाळ तुमचीच आहे ना."

"मग? काय म्हणाला परीक्षित?"

"हसले. सगळेच हसायचे. मला वाटायचं, थुंकायचं म्हणून हसतात. लाजतात म्हणून गाडीत जातात. मी लेबल लावलं त्यावर. माझ्या हाताने."

लॅबमध्ये एक तपासणी होते. नमुना बाईचा की पुरुषाचा हे फॉर्मशी जुळतं का, ते पाहतात. जयंतीच्या आणि नंतर दिवाळीच्या कार्यक्रमात मिळून एकशे अठरा नमुने जमले होते. त्यातले तीन जुळले नाहीत म्हणून तेव्हाच बाद झाले. लेबल लावताना चूक झाली, असं सुवर्णाने स्वतःच लिहून दिलं होतं. मुलाऐवजी बापाची, सुनेऐवजी सासूची लाळ दिली तर ही तपासणी काहीच सांगत नाही. लाळेवरून वय कळत नाही.

बुधवारी दुपारी चार पन्नासला ज्ञानदेव मुलाला वरणभात भरवत होते. घास तोंडात असताना परीक्षितची नजर उजवीकडून सुटली आणि डावीकडे गेली. उजवा हात मांडीवरून घसरून पलंगाच्या कठड्याबाहेर लोंबकळला. ज्ञानदेवांनी आधी त्याच्या तोंडातून घास बोटाने काढला. मग ओरडले.

सव्वापाचला पुन्हा स्कॅन. रक्तस्राव नव्हता. सात वाजता एमआरआय. मंगळवारी मेंदूच्या डाव्या बाजूला एक ठिपका होता. आता दोन होते. दुसरा मोठा होता.

"हा जुन्या गोळीमुळे?" हर्षिताने विचारलं.

"ती गुठळी कधी तयार झाली ते मला चित्रात दिसत नाही," डॉ. हॉवेल म्हणाल्या. "बदलाच्या आधी असेल. नंतरही असेल. नवी गोळी काम करायला लागेपर्यंतचा वेळ असेल. मी अंदाज करणार नाही."

"म्हणजे आमच्या खोटेपणामुळे झालं की नाही, तेही तुम्ही सांगणार नाही."

"मी सांगू शकत नाही."

ज्ञानदेवांनी काय चाललंय ते विचारलं. हर्षिता म्हणाली, "सांगते बाबा." पण तेव्हा सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी परीक्षितला एकही शब्द येत नव्हता. सुवर्णाने बुधवारीच आपल्या ऑफिसला लेखी कळवलं होतं. ऑफिसने तिला बजावलं की नैतिकता समितीची बैठक सोमवारी आहे, तोपर्यंत सहभागी लोकांशी परस्पर संपर्क करायचा नाही. हर्षितावर असं बंधन नव्हतं. तिने नऊ चाळीसला मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: "जयंतीला किंवा दिवाळीला सुवर्णाच्या टेबलावर ज्यांनी आपल्या नावाने दुसऱ्या कोणाची लाळ दिली असेल, त्यांनी आजच आपल्या डॉक्टरला फोन करा. आम्ही दिली होती. परीक्षितला दोन स्ट्रोक आले आहेत. मी कोणाला विचारणार नाही, का दिली."

ग्रुपवर दोनशे सहा लोक आहेत. आठ मिनिटांनी त्र्यंबककाकांनी लिहिलं: "हर्षिता, काळजी घे. पण हा फॅमिली मॅटर आहे. इथे टाकायची गरज नव्हती. आपल्या समाजाचं नाव खराब होतं."

लगेच खाली रेणूचं उत्तर आलं. "काका, मागच्या वर्षी पाहुण्या आलेल्या मावशींची शुगर टेस्ट कोणाच्या नावाने केली होती तुम्ही?"

थोड्या वेळाने रेणूनेच लिहिलं, "मी आईची दिली होती. माझ्या नावावर."

"मी पप्पांची. सॉरी यार." हा अक्षत.

यश: "मी सासऱ्यांची. बायकोला माहीत नव्हतं. ती याच ग्रुपवर आहे, आता कळलं असेल."

त्याच्या बायकोने खाली लिहिलं, "कळलं. घरी ये."

त्यावर कोणी हसण्याचं चिन्ह टाकलं नाही. त्र्यंबककाकांनी अकरा वाजता आपला पहिला संदेश काढून टाकला. सव्वाअकराला त्यांनी हर्षिताला वेगळा फोन केला. "मुली, मी पण," एवढंच म्हणाले, आणि इशिताला शाळेतून कोण आणणार ते विचारलं.

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत चौदा घरांनी हर्षिताला सांगितलं होतं. ग्रुप न वाचणारे किती आणि वाचून गप्प बसलेले किती, ते माहीत नाही. एकशे अठरापैकी तीन बाद झालेले सोडले तर उरलेले एकशे पंधरा रिपोर्ट अजून ज्याच्या-त्याच्या रेकॉर्डमध्ये आहेत. स्टडीच्या माहितीतही परीक्षितची ओळ आहे: पुरुष, सेहेचाळीस, जनुक नॉर्मल. हॉस्पिटलचं रेकॉर्ड दर आठवड्याला आपोआप तिला जोडलं जातं, त्यामुळे तीत आता क्लोपिडोग्रेल आणि दोन स्ट्रोकही येतील. ती ओळ थांबवा, अशी मेल सुवर्णाने दोनदा केली आहे. दोन्हींना मिळाल्याची पोच आली आहे.

ज्ञानदेवांचा मुक्काम दोन दिवसांपासून हॉस्पिटलमध्येच आहे. त्यांची स्वतःची गोळी घरी राहिली होती. इशिताने ती पिशवीत घालून पाठवली. त्यांनी पिशवी उघडली नाही. हर्षिताने दोनदा सांगितलं, बाबा, तुमचा रिपोर्ट तर खरा आहे, तुम्हाला ती चालते, घ्या. शुक्रवारी दुपारी दीडला तिने गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली, तेव्हा घेतली.

परीक्षितच्या गालातला नमुना गुरुवारी दुपारी लॅबमध्ये पोहोचला. निकाल मंगळवारच्या आधी नाही. नर्स दर काही तासांनी त्याचे दोन्ही हात आडवे धरायला लावते आणि दहापर्यंत मोजते. डावा दहापर्यंत टिकतो. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता उजवा आठपर्यंत टिकला. दुपारी चार वाजता सहापर्यंत.